भट्टी शिंकते तेव्हा: शिरोलीतल्या एका फाउंड्रीतलं जोखमीचं प्रकरण

२०२२ च्या जुलैत, दुसऱ्या पाळीत, संध्याकाळी सातच्या सुमारास आमच्या एक टनी इंडक्शन भट्टीतून, म्हणजे विजेच्या कॉइलनं लोखंड वितळवणाऱ्या भट्टीतून, लोखंड उडालं. आवाज फार मोठा नव्हता, पत्र्याच्या डब्याचं झाकण आपटावं तेवढाच. पण प्लॅटफॉर्मवर आणि पॅनेलच्या पत्र्यावर लाल ठिपके पडले. चार्जिंग करणाऱ्या, म्हणजे भट्टीत माल टाकणाऱ्या पोराच्या बुटाजवळ रुपयाएवढा गोळा येऊन पडला आणि काळा होईपर्यंत धुमसत राहिला. कोणाला काही झालं नाही. भट्टी चालवणाऱ्या मेल्टरनं पॉवर उतरवली, तोंडावरची काच पुसली, आणि दोन मिनिटांत काम परत सुरू झालं. त्या पाळीच्या लॉगबुकात याबद्दल एक अक्षर नाही.

मला हे दुसऱ्या दिवशी कळलं, तेही वाकड्या वाटेनं. पॅनेलकडे जाणाऱ्या एका केबलच्या वेष्टनाला भोक पडलं होतं, म्हणून इलेक्ट्रिशियननं स्टोअरमधून नवी स्लीव्ह मागितली. कशानं पडलं, असं विचारल्यावर तो म्हणाला, "काल उडालं की." मी भट्टीवर मेल्टरकडे गेलो. त्यांना सगळे मामा म्हणतात.

"मामा, काल काय झालं?"

"काय न्हाई साहेब, भट्टी शिंकली जरा. पावसाळ्यात शिंकतीच की ती."

'शिंकली' हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. भट्टीवरची सगळी माणसं तो वापरत होती, आणि कारखान्यातल्या सुरक्षेची जबाबदारी असलेल्या मला तो माहीत नव्हता. या प्रकरणाची सुरुवात मी तिथूनच धरतो.

कारखान्याचं नाव देत नाही. दीडशेच्या आसपास माणसं, दोन भट्ट्या, ट्रॅक्टरची आणि पंपांची कास्टिंग. कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात असे कारखाने रांगेनं आहेत. ऑफिसच्या भिंतीवर आयएसओ ४५००१ चं, म्हणजे कामाच्या जागेवरच्या सुरक्षिततेच्या मानकाचं प्रमाणपत्र होतं. २०१८ साली आलेलं हे मानक कारखान्याला विचारतं, की तुमच्याकडे धोके कोणते आहेत, ते शोधता कसे, आणि शोधल्यावर काय करता. आमचं उत्तर एका तक्त्यात होतं. धोके ओळखून जोखीम ठरवण्याच्या त्या तक्त्याला कारखान्यात सगळे 'हिरा' म्हणतात. तो मीच भरला होता.

त्यातली भट्टीची ओळ अशी होती. काम: चार्जिंग. धोका: वितळलेलं लोखंड उडणे. परिणाम: भाजणे. तीव्रता ५, शक्यता ३, जोखीम १५. नियंत्रण: हेल्मेट, फेस शील्ड, ॲल्युमिनाइज्ड कोट, हातमोजे, प्रशिक्षण. नियंत्रणानंतर तीव्रता २, शक्यता २, जोखीम ४. रंग हिरवा.

ऑडिटमध्ये ही ओळ दरवर्षी पास होत होती. आज वाचताना तिच्यातल्या दोन चुका मला लख्ख दिसतात. पहिली म्हणजे लोखंड का उडतं, हे तिच्यात कुठेच नाही. कारणच लिहिलेलं नसेल तर नियंत्रण कशावर ठेवणार? मग ते आपसूक माणसाच्या अंगावर चढतं: कोट घाला, काच लावा. दुसरी चूक त्या २ च्या आकड्यात आहे. चौदाशे-पंधराशे अंशांचं लोखंड कोटाच्या आतल्या माणसासाठी थोडं सोसण्याजोगं होतं एवढंच. मानेच्या फटीतून आत गेलं किंवा कोट न घातलेल्या मदतनिसावर उडालं, तर तीव्रता पाचच राहते. उडण्याची शक्यता तर कोटानं तसूभरही कमी होत नाही. मी दोन्ही आकडे खाली आणले होते, कारण नियंत्रणाचा रकाना भरला की पुढचा आकडा कमी झाला पाहिजे, अशी सवय लागली होती.

लोखंड उडण्याची कारणं मोजकी असतात. सगळ्यात मोठं कारण पाणी. पाण्याची वाफ झाली की तिला मूळ पाण्याच्या सुमारे सतराशे पट जागा लागते. ओला तुकडा घट्ट मालाच्या ढिगावर पडला तर पाणी वरच्या वर फुसकन निघून जातं. तोच तुकडा पातळ लोखंडात बुडाला तर पाणी धातूच्या खाली अडकतं, क्षणात त्याची वाफ होते, आणि ती वरचं लोखंड घेऊनच बाहेर पडते. दुसरं कारण बंद पोकळी: दोन्ही तोंडं बुजलेला पाइप, जुना शॉकॲब्सॉर्बर, छोटा सिलिंडर. आतली हवा किंवा तेल तापून फुगतं आणि तो तुकडा बॉम्बसारखा फुटतो. फाउंड्रीत काम केलेल्या कोणालाही हे नवं नाही. मलाही माहीत होतं. तक्त्यात मात्र नव्हतं.

मामांना मी विचारलं, भट्टी किती वेळा शिंकते. मला अंदाज अपेक्षित होता. त्यांनी मला पॅनेलच्या मागे नेलं. तिथं भिंतीवर खडूनं रेघा मारलेल्या होत्या, चार उभ्या आणि पाचवी आडवी, अशा गटांनी. प्रत्येक गटावर एक तारीख. ती तारीख त्या भट्टीचं लाइनिंग, म्हणजे आतलं उष्णता सोसणारं अस्तर, नव्यानं ठोकल्याची होती. प्रत्येक शिंकेनंतर लाइनिंगला धक्का बसतो असा मामांचा अनुभव, म्हणून एका लाइनिंगमागे किती शिंका झाल्या याचा हिशेब ते ठेवत. लाइनिंग लवकर गेलं आणि मालकांनी विचारलं, तर दाखवायला.

म्हणजे कारखान्यात धोक्याची नोंद होत होती, माझ्या फाइलीपेक्षा कितीतरी प्रामाणिकपणे. ती भिंतीवर होती आणि तिचा उद्देश वेगळा होता, म्हणून माझ्यापर्यंत कधी पोचली नाही.

मी त्या रेघा वहीत उतरवल्या आणि स्टोअरच्या आवक रजिस्टरशेजारी ठेवून बघितल्या. मार्चच्या लाइनिंगला एक रेघ. एप्रिलला एकही नाही. मेमध्ये दोन. जूनच्या लाइनिंगला सात. जुलैचं लाइनिंग अजून चालू होतं आणि अकरा रेघा झाल्या होत्या. "पावसाळ्यात शिंकतीच" हे खरं, पण मामांच्या आठवणीप्रमाणे आधीच्या पावसाळ्यात एका लाइनिंगला दोन-तीन रेघा असायच्या. अकरा कधीच नव्हत्या.

या वर्षी नवीन काय, याचं उत्तर आवक रजिस्टरात होतं. मेच्या शेवटापासून स्क्रॅपचा, म्हणजे वितळवायच्या भंगार लोखंडाचा पुरवठादार बदलला होता. आधी सुटं पंचिंग स्क्रॅप यायचं, आता दाबून बांधलेली बंडलं यायला लागली होती. टनामागे दरात चांगला फरक, जागाही कमी लागते. खरेदी विभागानं आपलं काम चोख केलं होतं. दुसरा बदल मला रजिस्टरात नाही, डोक्यावर बघून सापडला. स्क्रॅपच्या जागेवरचं छप्पर नव्हतं. उन्हाळ्यात साच्यांची वाळू तयार करणारा सँड प्लँट वाढवला तेव्हा ती शेड त्याला दिली गेली आणि स्क्रॅप बाहेर, उघड्यावर गेलं. प्रोजेक्टवाल्यांचंही काही चुकलं नव्हतं. वाळू भिजली तर कास्टिंग खराब होतं, हे सगळ्यांना ठाऊक. लोखंड भिजलं तर काय, हे त्या बैठकीत कोणी विचारलं नाही. त्या बैठकीला मी नव्हतो, आणि मेल्टिंगचंही कोणी नव्हतं.

दोन बदल, दोन खात्यांचे, दोन्ही आपापल्या जागी शहाणपणाचे. त्यांची गाठ पडली ती भट्टीच्या तोंडाशी. आयएसओ ४५००१ मध्ये बदलाचं व्यवस्थापन आणि खरेदी या दोन्हींसाठी स्वतंत्र कलमं आहेत, ८.१.३ आणि ८.१.४. आमच्याकडे दोन्हींचे फॉर्म होते. पण बदलाचा फॉर्म नवं मशीन आलं तरच भरायचा आणि खरेदीचा फॉर्म केमिकल आलं तरच भरायचा, अशी समजूत रुळली होती. स्क्रॅप म्हणजे नेहमीचा माल. नेहमीच्या मालाचा फॉर्म कोण भरतो?

तरी बंडलात पाणी खरंच किती असतं याची मला खात्री करायची होती, कारण वरून ती कोरडी दिसत होती. पाऊस थांबून दीड दिवस झाला होता, हात फिरवला तर फक्त गंजाची भुकटी लागत होती. आम्ही एक मध्यम बंडल वजनकाट्यावर चढवलं, आकडा लिहिला, आणि सँड कोअरच्या ओव्हनजवळ गरम जागेत पत्र्यावर ठेवलं. तासाभरात पत्र्यावर तांबूस पाण्याचा ओघळ आला. दुसऱ्या दिवशी वजन केलं तर सव्वा किलोनं कमी भरलं. म्हणजे सव्वा लिटर पाणी, बाहेरून कोरड्या दिसणाऱ्या बंडलाच्या पोटात. सतराशेनं गुणलं तर दोन हजार लिटरहून जास्त वाफ. मी ते बंडल आणि तो पत्रा तसाच ठेवून मालकांना आणि खरेदीच्या साहेबांना खाली बोलावलं. तिथं मला फारसं बोलावं लागलं नाही.

इथे कोल्हापूरकरांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर आमच्या कारखान्यानंही पातळीनुसार काय करायचं ते लिहून ठेवलं होतं: या आकड्याला लांबच्या गावच्या माणसांना घरी सोडायचं, या आकड्याला कच्चा माल उंचावर घ्यायचा, हायवे बंद झाला तर भट्ट्या रिकाम्या करायच्या. आकडा ठरलेला, त्यावर कृती ठरलेली, कृतीला माणूस ठरलेला. ते नियोजन चांगलं होतं आणि चाललंही. नदीच्या पाण्याला आमच्याकडे पातळी होती. बंडलातल्या सव्वा लिटरला नव्हती.

आता उपायांचं सांगतो, आणि पहिला उपाय कसा चुकला ते आधी.

आम्ही त्याच आठवड्यात नियम केला: पातळ लोखंडात बंडल टाकायचं नाही. आधी सुटा, कोरडा माल टाकायचा, त्याचा थर वर तरंगत असताना त्यावर बंडल ठेवायचं, म्हणजे ते भट्टीच्याच उष्णतेनं वाळेल आणि मग खाली जाईल. कागदावर सुंदर होतं. चौथ्या दिवशी मामा स्वतःहून ऑफिसात आले. इतक्या वर्षांत ते तिथं दुसऱ्यांदाच आले असतील. म्हणाले, "साहेब, ब्रिज व्हायला लागलाय." बंडल भट्टीच्या तोंडाशी आडवं अडकत होतं, त्याच्याभोवती बाकीचा माल चिकटून पूल तयार होत होता, आणि खालचं लोखंड वरून नवा माल न मिळाल्यामुळे नको तितकं तापत होतं. असं तापलेलं लोखंड लाइनिंग खातं. लाइनिंग फाटलं तर लोखंड कॉइलवर येतं, आणि कॉइलमधून पाणी फिरत असतं. एक धोका टाळायला केलेला नियम दुसऱ्या, त्याहून मोठ्या धोक्याकडे चालला होता. तो आम्ही त्याच दिवशी मागे घेतला. आणि बंडलं तात्पुरती पूर्ण बंद केली. यावर मालक नाराज होते, कारण सुटं स्क्रॅप महाग पडत होतं. पण सव्वा किलोचा आकडा त्यांनी डोळ्यांनी बघितला होता.

नियंत्रणांची जी उतरंड पुस्तकात असते, ती (धोका काढून टाका, बदला, यंत्रणेनं अडवा, मग नियम, मग शेवटी अंगावरची साधनं) मला या प्रकरणात पहिल्यांदा पटली. तोवर ती प्रशिक्षणातल्या स्लाइडवर होती. पाणी भट्टीपाशी अडवणं सगळ्यात कठीण. गेटपाशी अडवणं सोपं. पुरवठादाराच्या यार्डात अडवणं त्याहून सोपं. म्हणजे भट्टीच्या जोखमीचा खरा मालक खरेदी विभाग होता, आणि हिरा तक्त्यात त्यांचं नाव एकाही ओळीत नव्हतं.

पुढच्या दोन महिन्यांत जे झालं त्यातलं मुख्य हे. स्क्रॅपवर पुन्हा छप्पर आलं, या वेळी खाली काँक्रीटचा उतार आणि लोखंडी जाळी, म्हणजे पाणी निथळून जाईल. खरेदीच्या करारात अट आली: माल झाकून ठेवलेला आणि झाकून आणलेला हवा, आणि बंद पोकळीची वस्तू सापडली तर अख्खी गाडी परत. बंडल आलंच तर छपराखाली जाळीवर ठरलेले दिवस राहील, आणि मगच चार्जिंगला जाईल. मेल्टरला माल नाकारण्याचा अधिकार लेखी मिळाला, कारण न विचारता. हा शेवटचा मुद्दा मिळवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. "उद्या कोणीही काहीही नाकारेल" असं एकजण म्हणाले. वर्षभरात मामांनी दोनदा नाकारलं.

एक गोष्ट फसली, तीही सांगतो. गेटवर स्क्रॅप तपासणीची चेकलिस्ट सुरू केली. तिसऱ्या आठवड्यात मी ती चाळली तर सगळ्या रकान्यांत एकाच पेनानं, एकाच हातानं टिक होते, रविवारच्या सुट्टीच्या दिवसालाही. सिक्युरिटीच्या माणसाला दोष देता येणार नाही. बंडल बाहेरून बघून पाणी कळत नाही, हे आम्हीच सिद्ध केलं होतं, आणि त्याच्याकडून तेच बघायची अपेक्षा करत होतो. चेकलिस्ट काढून टाकली. त्याऐवजी प्रत्येक बंडलावर आल्या तारखेचा रंगाचा पट्टा मारतात. आठवड्याला एक रंग. चार्जिंगच्या जागेवर आज कोणता रंग चालतो याची पाटी असते. चुकीच्या रंगाचं बंडल दहा फुटांवरून दिसतं, आणि कोणालाही दिसतं.

या सगळ्या शोधात एक भलतंच समोर आलं, आणि माझ्या मते शिंकेपेक्षा ते जास्त गंभीर होतं. भट्टीखालच्या खड्ड्याचं झाकण आम्ही सहज उघडलं, कारण पाण्याचा विषय निघालाच होता. आत वीतभर पाणी. लाइनिंग फाटून लोखंड खाली आलं तर ते ज्या खड्ड्यात पडायचं, तिथं पाणी. थोडं जमिनीतून पाझरलेलं, बाकीचं कूलिंगच्या एका होजच्या ढिल्या क्लॅम्पमधून थेंबथेंब आलेलं. हिरा तक्त्यात याची ओळ होती: "पिट स्वच्छ ठेवणे, रोज." कोणी ठेवायचं, कधी बघायचं, पाणी दिसलं तर काय करायचं, हे नव्हतं. मी दोन रात्री नीट झोपलो नाही. आता खड्ड्याशेजारी पाणी जमा करायला वेगळी टाकी (सम्प) आहे, त्यात पंप आणि फ्लोटचा अलार्म आहे, आणि पाळी सुरू होताना मेल्टर टॉर्च घेऊन आत बघतो. पाणी दिसलं तर पॉवर चढत नाही. या नियमाला अपवाद ठेवलेला नाही, मालकांनाही नाही.

सुरक्षा समितीबद्दलही लिहायला हवं. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली जी कलमं घातली गेली, त्यांत ४१-जी नं धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यात कामगार आणि व्यवस्थापन यांच्या समान प्रतिनिधींची समिती सांगितली, आणि ४१-एच नं गंभीर धोका जवळ आल्याची रास्त भीती वाटली तर तो दाखवून देण्याचा हक्क कामगाराला दिला. आमची समिती होती, संख्या समान होती, मिनिट्स नीट होते. पण कामगारांचे प्रतिनिधी फेटलिंग, मोल्डिंग आणि डिस्पॅचचे होते. मेल्टिंगचं कोणी नव्हतं, कारण बैठक दुपारी तीनला असते आणि तेव्हा भट्टी सोडता येत नाही. आता बैठक पाळी बदलताना, भट्टीच्या प्लॅटफॉर्मखाली, उभ्या उभ्या होते. वीस मिनिटांची. पहिला विषय कायम तोच: भिंतीवर रेघ आली का?

ती भिंत आम्ही पुसली नाही. तिच्यावर पांढरा चौकोन रंगवला आणि खडूचा डबा अडकवला. लॉगबुकात लिहायला माणसं बिचकतात, कारण लॉगबुक चौकशीसाठी असतं अशी भीती असते. खडूला कोणी भीत नाही. आठवड्याच्या शेवटी मी रेघा वहीत घेतो आणि प्रत्येक रेघेचं कारण शोधतो.

२०२३ च्या पूर्ण पावसाळ्यात दोन रेघा आल्या. पहिलीचं कारण पाणी नव्हतंच. सुट्या स्क्रॅपमध्ये दोन्ही बाजूंनी चेपलेला पाइपचा तुकडा आला होता. फुटलेला अर्धा स्लॅगमध्ये (वितळलेल्या लोखंडावर तरंगणाऱ्या मळीत) सापडला, तो मी टेबलावर ठेवला आहे, आणि पुरवठादाराचा माणूस आला की आधी तो त्याच्या हातात देतो. दुसरी रेघ ओल्या सळईची. स्लॅग काढायची सळई पोरानं बाहेर भिंतीला टेकवून ठेवली होती आणि तीच आणून बुडवली. आम्ही स्क्रॅपवर छप्पर घातलं होतं, अवजारांचा विचारच केला नव्हता. आता सळया आणि चमचे भट्टीच्या कडेला स्टँडवर तापत राहतात.

हिरा तक्त्यातली ती ओळ आता सहा ओळींची झाली आहे, प्रत्येक कारणाला एक, आणि प्रत्येकीच्या शेवटी एका खात्याचं नाव. त्यातल्या चार हिरव्या आहेत. खड्ड्याची ओळ पिवळी ठेवली आहे. सहावी लाल आहे, जोखीम १५, जुनीच. दुसऱ्या भट्टीवर चार्जिंग अजून हातानं होतं. पहिलीवर व्हायब्रेटरी फीडर, म्हणजे थरथरून माल भट्टीत सरकवणारं यंत्र बसलं, माणूस लांब गेला. दुसरीच्या वरची शेडची तुळई ते वजन पेलत नाही, स्ट्रक्चरचं काम करावं लागेल, आणि त्यासाठी भट्टी तीन आठवडे बंद ठेवायची आहे. गेल्या ऑडिटमध्ये मला विचारलं गेलं, की कोट, काच, कोरडा माल, एवढं सगळं केलं आहे, मग आकडा अजून १५ का? मी म्हणालो, पोरगं अजून तिथंच उभं आहे म्हणून. दिवाळीच्या सुट्टीला जोडून शटडाउन घ्यायचं मालकांनी मान्य केलं आहे. तोवर ती ओळ लाल राहील.